रद्द झालेला गोल

अण्णा,

देशाच्या फुटबॉल लीगच्या सगळ्या हंगामांची यादी काल मला संगणकावर सापडली. सहज सापडली असं म्हणणार नाही. मी ती शोधतच होते. पहिल्या हंगामापासून एकाखाली एक ओळी. कोण जिंकलं, कोण दुसरं आलं, कोण खालच्या गटात गेलं. बडोद्यातल्या वासणा भागातल्या घरात दुपारी कुणी नव्हतं, म्हणून एकेक ओळ मोठ्याने वाचत गेले, तुम्हाला वाचून दाखवायची तशी, आणि एका ओळीपाशी माझा आवाज थांबला. त्या हंगामात खाली गेलेल्या संघाचं नाव तिथे आहे. तो का गेला, ते नाही. शेवटच्या फेरीत सामना संपता संपता एक गोल रद्द झाला, झेंडा वर करणारा माणूस बडोद्याचा होता, आणि त्याच्या मुलीला अडीच महिन्यांपासून एक गोष्ट माहीत होती, असलं काही अशा यादीत लिहीत नाहीत.

लीग सुरू झाली तेव्हा मी बारावीत होते. तुम्ही कारखान्यातून आलात ते कपडे न बदलता, हातात छापुं, म्हणजे वर्तमानपत्र घेऊन, सरळ स्वयंपाकघरात. आई भेंडी चिरत होती. "लीग होणार," म्हणालात. "सगळ्या देशाची. एक सामना आपल्या घरी, एक त्यांच्या घरी." "कुणाच्या घरी?" आईने विचारलं. तिला वाटलं कुणाकडे जेवायला जायचं आहे. मग तुम्ही तिच्या ताटातले भेंडीचे तुकडे उचलून फरशीवर दोन संघ मांडलेत आणि तिला नाही, मला समजावू लागलात. चेंडू पुढे सुटतो त्या क्षणी पुढच्या गड्याच्या आणि गोलच्या मध्ये समोरच्या संघाची निदान दोन माणसं हवीत, त्यातला एक बहुतेक वेळा गोलकीपरच असतो. दोन नसतील तर ऑफसाइड. "लाइन्समनचं काम त्या एका क्षणाचं," म्हणालात. "नंतर बघून उपयोग नाही." मग भेंडीचे शेवटचे दोन तुकडे बोटाने बाजूला सारलेत. "आणि हे दोघे तळाला राहिले, तर गेले खाली. परत वर यायचं तर खेळूनच यायचं. याला म्हणतात लीग. नाहीतर नुसती चार दिवसांची जत्रा." आई म्हणाली, ते तुकडे आता धुवून द्या.

तुम्ही औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होतात, आणि रविवारी रेफ्री होतात. आपले पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, तुमच्या ताठ पाठीत तेवढं त्यांचं उरलं होतं. काळा शर्ट आणि काळी चड्डी घालून तुम्ही गल्लीतून चालत निघालात की ओटल्यावरची माणसं बोलणं थांबवायची. बडोद्यात ज्याला त्याला क्रिकेटचं वेड. तुमच्या सामन्यांना कुंपणावर बसलेली वीसेक माणसं, बस. वीस वर्षं तुम्ही त्या वीस माणसांसमोर पळत होतात. लीगचा पहिला हंगाम एका गिरणीच्या संघाने जिंकला तेव्हा तुम्हाला स्वतः जिंकल्यासारखं झालं होतं. कोलकात्याचे जुने क्लब, गोव्याचे क्लब, आणि त्यांच्यात बँकेचे, पोलिसांचे, कंपन्यांचे संघ, नोकरी सांभाळून खेळणारे. "ही आपल्यासारखी माणसं," तुम्ही म्हणायचात. इकडे बडोद्यात त्याच वर्षांत एकेक गिरणी आणि कारखाना बंद पडत होता, आणि तुमच्याही स्टोअरमध्ये माणसं कमी होत होती. पुढे काही हंगामांनी तुमचं नाव राष्ट्रीय लीगच्या लाइन्समनच्या यादीत आलं. तुम्ही चव्वेचाळीस वर्षांचे होतात. पत्र तुम्ही दोनदा वाचलंत, मग आईकडे दिलंत आणि तोंड धुवायला गेलात. खूप वेळ धूत होतात.

त्या हंगामातलं उत्तरायण, संक्रांतीचा पतंगांचा सण. सगळी गल्ली अगाशीवर, म्हणजे गच्चीवर. तुम्ही पतंग बघत मागे सरलात आणि तुमचा पाय बाजूला ठेवलेल्या उंधियूच्या पातेल्यात गेला. सगळे हसले. मी नाही हसले, कारण त्याच आठवड्यात तुम्ही दोनदा दाराच्या चौकटीला खांदा आपटला होतात आणि ताटाच्या डाव्या बाजूची चटणी रोज तशीच राहत होती. मी मागे लागले. शेवटी माझ्या मोपेडवर मागे बसून तुम्ही निजामपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आलात, आईला "कॉलेजच्या कामाला" असं सांगून.

ती खोली मला अजून दिसते. एका मोठ्या पांढऱ्या कटोऱ्यासारख्या यंत्रात तुम्ही हनुवटी टेकवून बसला आहात. आत कुठेतरी उजेडाचा ठिपका येतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. यंत्राची टिकटिक ऐकू येते, मग बटणाचा आवाज. टिकटिक, बटण. मग टिकटिक, टिकटिक, टिकटिक, आणि बटण नाही. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून मनात म्हणत होते, दाबा ना अण्णा, दाबा. डॉक्टरांनी नंतर कागदावर दोन डोळे काढले आणि कडेकडेने पेन्सिलीने काळे करत आणले, मध्ये पेरूएवढी जागा पांढरी राहीपर्यंत. "काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसेल, तक्ता शेवटपर्यंत वाचाल. बाजूचं गेलंय. गेलेलं येत नाही. राहिलेलं टिकवायला रोज थेंब घाला." तुम्ही विचारलंत, "पळता येईल?" डॉक्टर म्हणाले, "पळाल हो. पण आजूबाजूला कोण आहे ते कळायचं नाही."

फत्तेगंज ओलांडलं. मग मागून म्हणालात, "हे घरात बोलायचं नाही."

"आणि फुटबॉल मंडळाला?"

"तीन सामने उरलेत. हंगाम संपला की मीच सांगेन." तुमचा हात माझ्या खांद्यावर होता, तो जरा दाबलात. "तीनच."

मी हो म्हटलं. त्यानंतरचे आठवडे मी तो हंगाम कसा जगले ते तुम्हाला कधी कळलं नाही. तुम्हाला वाटायचं, पोरीला लीगची गोडी लागली. मी सोमवारी छापुं उघडायची ती गुणतक्ता बघायला नाही, कुठे लाइन्समनवरून वाद झाला का ते बघायला. पहिला सामना निभावला. दुसरा निभावला. तिसरा शेवटच्या फेरीतला होता, परगावी, आणि तो टीव्हीवर दाखवणार होते.

होळी होऊन गेली होती. दुपारी आपल्या खोलीत पंधराएक माणसं. समोरच्या घरातली माशी, गुजराती मावशी, सगळ्यांत पुढे, टीव्हीला गुडघे लावून, कारण मैदानावर तिचाही माणूस होता. तिच्या मुलाला तुम्हीच तयार केलं होतंत, तो दहा वर्षांचा असल्यापासून. आता तो एका कंपनीच्या संघात पुढच्या फळीत खेळत होता. त्याचा संघ तळाच्या जवळ होता. त्या दिवशी जिंकला असता तर वाचला असता. बरोबरी झाली तर खाली. एक रेषेवर, एक मैदानात, दोन्ही आपलीच माणसं टीव्हीवर, म्हणून गल्लीला सणासारखं वाटत होतं. तुम्ही रेषेवरून पळताना दिसलात की पोरं ओरडत, "अण्णा! अण्णा!" आई पदराने चष्मा पुसत होती. मी दाराला टेकून उभी होते. मला बसवत नव्हतं.

गोल होतच नव्हता. शेवटची पाचेक मिनिटं उरली असतील. समोरच्या संघाचा एक बचावपटू मघाशी धडपडला होता, तो आपल्या गोलजवळ, कडेला, गुडघा चोळत उठत होता. बाकीचे बचावाचे गडी पुढे गेले होते. तुम्ही त्यांच्या रेषेत उभे राहिलात. कडेचा तो माणूस तुमच्या उजव्या हाताला राहिला. चेंडू पुढे सुटला, माशीचा मुलगा धावला, आणि त्याने असा काही मारला की गोलकीपर हललाही नाही. "गोल छे!" माशी उभी राहिली, तिने माझ्या आईला मिठी मारली. मी पडद्याच्या कडेला बघत होते. तिथे झेंडा वर गेलेला होता. सरळ, ताठ, तुमच्या पद्धतीने.

तो क्षण टीव्हीने परत दाखवला. कडेचा माणूस स्पष्ट दिसत होता. गुडघ्यावर हात ठेवून, माशीच्या मुलापेक्षा गोलच्या दोन पावलं जवळ. गोलकीपर एक, तो दुसरा. गोल शंभर टक्के खरा होता. माशीने मागे वळून विचारलं, "शुं थयुं? काय झालं? केम नाही दिला?" कुणीतरी म्हणालं, "ऑफसाइड बोलतात." "पण तो तर उभा आहे ना तिथे," माशी म्हणाली आणि पडद्यावर बोट ठेवलं. पुढे काही मिनिटांत सामना बरोबरीत संपला. ती पदर सावरून गेली. आईने माझ्याकडे बघितलं, आणि मी आत जाऊन कपबशा विसळू लागले.

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आलात. आंघोळ केलीत. आई देवळात गेलेली. स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा समोर असताना तुम्ही विचारलंत, "टीव्हीवर काय दिसलं?"

"कशाचं?"

"माहीत आहे तुला कशाचं."

"ऑफसाइड होता."

"नक्की? परत दाखवलं असेल ना?"

"दाखवलं. दोन पावलं पुढे होता."

तुम्ही डोळे मिटलेत. खांदे खाली आले. मग चहा प्यायलात, बशीत ओतून, फुंकर घालत. इतक्या निवांतपणे तुम्हाला चहा पिताना मी त्या अख्ख्या हंगामात पाहिलं नव्हतं.

त्या संघाने तक्रार केली. सामना परत खेळवा म्हणून. मंडळाने तुमच्याकडे लेखी अहवाल मागितला. तुम्ही मराठीत सांगितलंत, मी इंग्रजीत उतरवला, माझ्या अक्षरात. "मला माझ्या निर्णयाची पूर्ण खात्री आहे" हे वाक्य तुम्ही सांगितलंत तेव्हा पेन माझ्या हातात होतं. मी ते लिहिलं. खाली तुमची सही. तक्रार फेटाळली गेली, गुणतक्ता कायम झाला. आणखी आठवड्याने बातमी आली की कंपनीने संघच बंद केला. नवे मालक आले होते, त्यांना संघाचं ओझं नकोच होतं. खाली गेल्याने निमित्त मिळालं. खेळाडूंना कंत्राट संपल्याचे कागद मिळाले.

माशीचा मुलगा बडोद्याला परत आला आणि तिसऱ्या दिवशी आपल्याकडे आला. भरदुपारी. बरोबर कुणाचं तरी मागून आणलेलं व्हीसीआर आणि कॅसेट. आपल्या घरात लहानाचा मोठा झालेला, पण दारात चपला काढून उभा राहिला, आत ये म्हणेपर्यंत.

"सर, मी भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "एकदा तुम्ही बघा. मग तुम्ही म्हणाल ते."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चेहऱ्यावर काही शंका नव्हती, तेच मला सहन होत नव्हतं. तुम्हाला वाटत होतं, आता पोराचा गैरसमज दूर होईल. टीव्हीच्या अगदी जवळ बसलात. त्याने ती जागा लावली. चेंडू सुटला, तो धावला, झेंडा. "परत लाव," तुम्ही म्हणालात. त्याने परत लावली. तिसऱ्या वेळी तुम्ही हात वर करून चित्र थांबवायला सांगितलंत आणि मान हळूहळू वळवत पडद्याच्या कडेपर्यंत नेलीत. "हा कोण?"

"त्यांचा बॅक."

"हा इथे होता?"

"इथेच होता, सर. पूर्ण वेळ."

तुम्ही पडद्यावरच्या त्या माणसाला बोट लावलंत. मग म्हणालात, "गोल होता. तुझा गोल होता." आणि श्वासही न घेता पुढे, "मला बाजूचं दिसत नाही. उत्तरायणापासून मला माहीत आहे."

मला वाटलं तो टीव्ही उचलून आपटेल. त्याने फक्त विचारलं, "माहीत असताना उभे राहिलात?" तुम्ही हो म्हणालात. त्याने वायर गुंडाळली, व्हीसीआर काखेत घेतलं आणि गेला. आईने आणलेलं पाणी तिच्या हातातच राहिलं. तिला हे सगळं त्याच क्षणी कळत होतं.

तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. आवाज चढवला नाहीत. "तू हे बघितलं होतंस?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"हो."

"माझे डोळे गेले ते गेले," तुम्ही म्हणालात. "तुझे तर धड होते ना? मी तुझ्या डोळ्यांवर सही केली."

मार खाल्ला असता तर बरं, असं मला त्यानंतर कितीदा तरी वाटलं आहे. त्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः, तुमच्या मोडक्या इंग्रजीत, मंडळाला दुसरं पत्र लिहिलंत. आजार, डॉक्टरांचा कागद, चूक, सगळं. मला हात लावू दिला नाहीत. उत्तर दोन ओळींचं आलं. हंगामाचा निकाल बदलता येणार नाही, आणि तुमचं नाव यादीतून काढलं आहे. ते उत्तर घेऊन तुम्ही समोर माशीकडे गेलात. मी ओटल्यावरून बघत होते. ती दारातच उभी राहिली. "तमे जाणता हता, भाई?" एवढंच तिने विचारलं. तुम्हाला माहीत होतं का, भाऊ. तुम्ही मान हलवलीत. तिने दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

पुढची वर्षं तुम्हाला माहीतच आहेत. पेरूएवढी पांढरी जागा लिंबाएवढी झाली, मग बोराएवढी. माशीचा मुलगा काही काळ कुरियरच्या दुकानात होता, मग एका शाळेत फुटबॉल शिकवायला लागला. चार वर्षं तो तुमच्याशी बोलला नाही. मग एका रविवारी शाळेच्या पोरांचा सामना होता, आणि तो येऊन तुमच्या दंडाला धरून तुम्हाला घेऊन गेला. त्याने माफ केलं का, ते मला आजही ठाऊक नाही. माशीने नाही केलं; ती तुमच्या बाराव्यालाही आली नाही.

आणि मी सोमवारी लीग वाचून दाखवायचे. प्रत्येक हंगाम. बातमी आधी अर्धा रकाना यायची, मग चार ओळी, मग नुसते आकडे. बँकेचा संघ गेला, पोलिसांचा गेला, पहिला हंगाम जिंकलेली गिरणीसुद्धा मागे पडत गेली. तुम्ही प्रत्येक वेळी आधी तळाचं विचारायचात. जिंकलं कोण ते नंतर. "खाली कोण गेलं?" मी नावं सांगायचे आणि तुम्ही गप्प बसायचात, ओळखीचं कुणी वारल्यासारखे. तुम्ही गेल्यावर त्या लीगचं नाव बदललं. आता तर वेगळीच एक वरच्या दर्जाची स्पर्धा आहे, दिव्यांची, नटनट्यांची, आणि तिच्यात इतकी वर्षं कुणी खाली गेलंच नाही. शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी तिथेच. तुम्ही याला जत्रा म्हणाला असतात. मला मात्र वाचताना वाटलं, असं त्या वर्षी असतं तर.

तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात, उन्हात ओटल्यावर बसला होतात. मी निकाल वाचत होते. तुम्ही मध्येच म्हणालात, "त्या दिवशी मी तुला फार लागेल असं बोललो. तू माझ्यासाठीच खोटं बोललीस, कळत होतं मला." मी पुढचा निकाल वाचला. गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही अभिमानाने सांगायचात, पोरीने माझ्यासाठी बडोदं सोडलं नाही.

अण्णा, त्या सामन्याच्या आठवड्यात माझ्याकडे पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म आला होता. वसतिगृहासकट. आईला सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. तुमच्या डोळ्यांचं बाहेर आलं असतं तर मला कुणी जाऊ दिलं नसतं. डॉक्टरकडे नेणार कोण, थेंब घालणार कोण. चहा समोर ठेवून तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या डोक्यात तुम्ही नव्हतात, फॉर्मची शेवटची तारीख होती. म्हणून "दोन पावलं पुढे होता" इतकं पटकन तोंडून निघालं. नंतर तुम्ही कॅसेट बघितलीत, आणि मला जायचं तोंड राहिलं नाही. ती तारीख तशीच गेली.

हे पत्र पाठवायचं नाहीये, म्हणून खरं लिहिता आलं. पाठवायचं असतं तर आजही मी "तुमच्यासाठीच बोलले होते" असंच लिहिलं असतं.